दुसरी सून

उमरग्याजवळ हायवेवर नवऱ्याचा अपघाती मृत्यू झाला, तरी सुवार्ता सासूजवळच राहिली. सालोमीबाईंना आता अजिबात दिसत नव्हतं. रोज संध्याकाळची प्रार्थना झाली, की सुवार्ता ख्रिस्ती कुटुंबांसाठीच्या एका वेबसाइटवरचा लेख मोबाइलवरून त्यांना वाचून दाखवायची.

परवा सालोमीबाई शेजारीच बाजेवर पडलेल्या असताना तिच्या भावाचा फोन आला. तिच्यासाठी सोलापूरचं स्थळ होतं आणि त्यांना रविवारपर्यंत उत्तर हवं होतं. माणूस सुवार्तालाही आवडला होता. पण सासूला हे कोणत्या तोंडानं सांगायचं, या काळजीनं तिनं भावाला अजून उत्तर दिलं नव्हतं.

आणि आजचा लेख नेमका चर्चमध्ये सगळ्यांना पाठ असलेल्या बायबलमधल्या त्या जुन्या गोष्टीवर निघाला. नवरा मेल्यावरही सासूला सोडून न गेलेल्या सुनेच्या. शेवटच्या ओळी सुवार्तानं कशाबशा संपवल्या.

“लई चांगलं लिहिलंय,” सालोमीबाई म्हणाल्या. “पर त्या सासूला अजून एक सून व्हती. ती माघारी माहेरी गेली. तिच्यावर कुणी लिहिलंय का, बघ बरं.”

सुवार्तानं बराच वेळ शोधलं.

“तिच्यावर काहीच न्हाय, आत्याबाई. ती सासूला सोडून गेली ना, म्हणून नसंल.”

सालोमीबाईंनी चाचपडत तिचा हात धरला.

 

“तिला सासूनंच जा म्हटलं व्हतं, पोरी. लाव भावाला फोन, अन् व्हय म्हणून सांग.”