बाहेरचा पत्रा

बापाच्या धानाच्या बांध्यांतला आपला अर्धा वाटा भावाच्या नावे सोडायचा, म्हणून दामिनीनं घरापुढच्या सपरीत बसून पेन उघडलं. तेवढ्यात तिच्या पोरीनं, हर्षानं विचारलं, "मामा, तुमचं यान मंगळावर जाता जाता फुटत नाई काय?"

प्रफुल्ल खुलला. सकाळी लाखांदुरात उतरल्यापासून त्याच्या कामाचं कोणी विचारलंच नव्हतं.

"फुटू शकते ना. वाटेत दगडाचे कण फिरत असतात. मोहरीएवढाच कण, पण बंदुकीच्या गोळीहून वीसपट जोरात येते. म्हणून आम्ही दोन पत्रे लावतो. बाहेरच्या पातळ पत्र्यावर कण आदळला का त्याचा चुरा होते. आतल्या पत्र्याला नुसती धूळ लागते."

"दोन्ही चिकटवूनच लावता?"

"नाही, मधात अंतर ठेवावंच लागते. जवळ असला तर उपयोग नाही त्याचा."

दामिनीचं पेन अडलं. बाप गेला त्या वर्षी दहावीत गणितात शाळेत पहिली आलेली पोर लोकांच्या बांध्यांत मजुरीनं धान रोवायला गेली, ती काय हौस म्हणून? हा नागपुरात खोली करून शिकत होता, तेव्हा हिच्या पायांच्या बोटांत चिखल्या झाल्या होत्या. आता साहेब दोन वर्षांतून एकदा येतो. यंदा आला तो कागद घेऊन. या बांध्या गेल्या तर हर्षाला अन् तिला पुन्हा दुसऱ्याच्याच चिखलात उतरायचं होतं. गरज सरो, वैद्य मरो.

हर्षाचं समाधान झालं नव्हतं. "अन् बाहेरच्या पत्र्याचं काय होते मंग?"

"त्याचं काय होणार? भोकं पडतात. मार खायलेच तर लावला असते तो."

प्रफुल्ल हसत बोलला. त्याच्या मनात काहीच नव्हतं, अन् दामिनीला तेच जास्त लागलं. तिनं पेनाला टोपण लावलं अन् कागद त्याच्याकडे सरकवला.

त्यानं उलटून पाहिला. "ताई, सही राहिली ना खाली."

"बाहेरच्या पत्र्याची सही कायले लागते रे तुले?" दामिनी म्हणाली, अन् धान पाखडायला सूप घेऊन बसली.