शिणाची वाटणी

शलाका आज गजराच्या आधी उठली आणि चक्क गुणगुणत ऑफिसला आली. लोणच्याच्या कंपनीसाठी रोज नवी पोस्ट, नवा व्हिडिओ करून करून तिचं डोकं इतकं आटलं होतं, की काल ती खुर्चीतच झोपी गेली होती.

आत येऊन पाहते तर कर्णिक सर टेबलावर डोकं टेकून घोरत होते. एरवी तासातासाला "पोस्ट गेली का?" म्हणून मागे लागणारा माणूस! शेजारी डिझाइन करणारी फरझाना जांभयांवर जांभया देत होती.

शलाकाने आपल्या मनगटावरच्या पट्ट्याकडे पाहिलं. शिणाचा काटा शून्याला टेकला होता. शीण काही टाकून देता येत नाही. पट्ट्याला पट्टा लावून दुसऱ्या कुणीतरी तो अंगावर घ्यावा लागतो.

"फरझाना, कुणी घेतला माझा?"

"मी थोडाच गं," फरझाना डोळे चोळत म्हणाली. "बाकीचा सगळा सरांनी. म्हणाले, मीच दिलाय, मीच घेतो."

शलाकाला भरून आलं. तिने नमुन्याची बरणी उघडली. हिंगमोहरीचा वास आला, तोंडाला पाणी सुटलं आणि कित्येक महिन्यांनी एक वाक्य आपसूक सुचलं. ते लिहून ती सरांजवळ गेली. निम्मा तरी परत घ्यावा म्हणून तिने आपला पट्टा हळूच त्यांच्या पट्ट्याजवळ नेला.

सरांनी झोपेतच हात काखेत दडवला.