कोऱ्या साड्यांचं कपाट

“अय्या, ही पण कोरीच!” नम्रताने आणखी एक साडी पलंगावर ठेवली. “रुपालीताई, इतक्या साड्या आणि एकीचीही घडी मोडली नाहीत?”

कोथरूडच्या त्या फ्लॅटमध्ये सकाळपासून धांदल होती. संध्याकाळी नम्रताचा आणि राजसचा साखरपुडा. थोरल्या जावेने आपल्या कपाटातली कोरी साडी द्यायची आणि येणाऱ्या धाकटीने तिची घडी मोडायची, हा या घरातला रिवाज. रिवाज मायेचा आहे, त्याचा काही दोष नाही. म्हणून नम्रता दुपारीच स्कूटरवरून साडी निवडायला आली होती. राजस आणि त्याचा थोरला भाऊ अभिनव, म्हणजे रुपालीचा नवरा, बाहेरच्या खोलीत कार्यालयवाल्याशी फोनवर हुज्जत घालत होते.

“गडद रंग घे,” रुपाली म्हणाली. “फिकी साडी रात्रीच्या लाइटमध्ये मरते. ही नारायणपेठ बारशाला ठीक, साखरपुड्याला नाही. चंदेरी तर अंगावर ठरतच नाही. सारखी सावरत बसशील.”

“काय एकेक चॉइस आहे! तुमची?”

“यांची.”

अभिनवची पसंती अव्वल होती, हे वैऱ्यानेही मान्य करावं. रंग कधी चुकला नाही, पोत कधी चुकला नाही. समोरच्या दुर्गाबाई तर दुकानाची पिशवी दिसली रे दिसली की विचारायच्या, “काय गं, आज काय निमित्त?” रुपाली कधी वाढदिवस सांगायची, कधी बोनस.

रुपालीने दाराकडे पाहिलं. बोलायचं तर आत्ताच. एकदा अंगठी बोटात गेली की ही पोर ऐकणार नव्हती, आणि ऐकलं तरी तिला कुणी माघारी फिरू देणार नव्हतं. तिने नारायणपेठ उचलली.

“ही दात पडला तेव्हाची,” ती हळूच म्हणाली. “चंदेरी कानाखाली बसली तेव्हाची. या कानाने आता नीट ऐकू येत नाही. आणि ती हिरवी इरकल... तेव्हा मला तिसरा महिना होता. पोटात लाथ बसली.”

नम्रता आधी हसायला गेली. मग तिची नजर रुपालीच्या मनगटापर्यंतच्या बाह्यांवर थांबली. भर मे महिन्यातही रुपालीच्या ब्लाउजच्या बाह्या तेवढ्याच लांब असायच्या. मागच्याच आठवड्यात नम्रताने त्या फॅशनचं कौतुक केलं होतं.

“पण राजस तसा नाहीये, ताई.”

“नसेल. देव करो आणि नसो.” रुपालीने तळातून जांभळी पैठणी काढून पलंगावर ठेवली. पदरावर जरीचा मोर होता. “ही इस्त्रीच्या चटक्याची. तुला खुलेल. नेसायची तर नेस, पण माहीत असून नेस.”

“झालं का प्रदर्शन?” दारात अभिनव उभा होता. “की बाहेर तिकीट लावू?”

रुपालीचा हात कपाटाच्या चौकटीवर होता. अभिनव सावकाश आत आला आणि अंगाचा सगळा भार टाकून त्याने लोखंडी दार लोटलं. आत काहीतरी काडकन वाजलं. त्याने दार उघडलं आणि पुन्हा आपटलं. रुपालीची किंकाळी घरभर गेली. ती खाली बसली तशी त्याने तिचे केस धरून तिला वर ओढलं आणि तिच्या तोंडावर हात उगारला.

राजस धावत आला. त्याने भावाचा उगारलेला हात वरच्या वर पकडला. नम्रताच्या जिवात जीव आला.

“दादा, अरे दादा!” राजस म्हणाला. “तोंडावर नको. संध्याकाळी फोटो आहेत.”

चपला बाहेर काढा म्हणावं, इतक्या सहज तो म्हणाला.

फरशीवर रक्ताचे थेंब पडत होते. नम्रताने पलंगावरची पैठणी उचलली, झटकून पुरती उलगडली आणि रुपालीच्या चेचलेल्या बोटांभोवती गुंडाळायला लागली.

“वेड लागलंय का तुला?” अभिनव ओरडला. “कोरी पैठणी आहे ती!”

“चला ताई, दवाखान्यात. स्कूटर खाली आहे.”

“अगं, आणि संध्याकाळचं काय?” राजसने विचारलं.

“फोटोवाल्याला फोन कर. येऊ नका म्हणावं.”

राजसने तिचा दंड धरला. त्याची बोटं मांसात रुतली तेव्हा नम्रताला कळलं की ही पकड आजची नाही, घरातलीच आहे. पलंगावर लाकडी हँगर पडला होता. तिने तो उचलून त्याच्या मनगटावर होता नव्हता तेवढा जोर लावून हाणला. तो कळवळून मागे सरला. ती रुपालीला धरून बाहेर पडली.

लिफ्टपाशी दुर्गाबाई भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यांना आधी जरीचा मोरच दिसला.

“अगंबाई, पैठणी! काय गं, आज काय निमित्त?”

मागे दारात अभिनव येऊन उभा राहिला होता. दुर्गाबाईंना पाहून तो सवयीने हसला.

रुपाली थांबली. मोर तांबडा होत चालला होता.

“नवऱ्याने कपाटात बोटं चेचली,” ती वरच्या मजल्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “घरात आणखी आहेत, काकू. या बघायला. एकेकीचं निमित्त सांगते.”