पाहुण्याचं अंथरूण

गोविंदने गादीचा कोपरा उचलला आणि तो तसाच वाकून राहिला. गादीखाली वीतभर जाड पेंढा पसरलेला होता.

"शरयू, हे काय? गोठ्यात निजवताय का मला?"

शरयूने घाईने दार लोटून घेतलं. साताऱ्याहून गाड्या बदलत दादा आज दुपारीच ग्वाल्हेरला पोचला होता, बहिणीला थोडे दिवस माहेरी न्यायला. लग्नानंतरची तिची ही पहिलीच थंडी. नवरा पलटणीबरोबर बाहेरगावी, आणि दौलतगंजातल्या या घरात ती आणि सासू, दोघीच.

"मलाही असंच निजवतात," ती म्हणाली. "थंडी पडल्यापासून." आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं रडू तिला आलंच.

पेंढा तिने काही कमी पाहिला नव्हता. माहेरी ज्वारीचा कडबा बैलांना, गव्हाचं काड छपराला, भुसा म्हशीच्या आंबोणात आणि भाताचा पेंढा आंब्याच्या अढीला. ज्याचं त्याचं नाव वेगळं, ज्याची त्याची जागा वेगळी. माणसाच्या अंथरुणात मात्र यातलं काहीच येत नसे. त्यामुळे मंदाताईंनी, म्हणजे तिच्या सासूने, पेंढ्याचा भारा तिच्या खोलीत आणून सोडला, तेव्हा शरयूने एकच अर्थ काढला. या घरात आपली किंमत गुरांइतकी! ती तोंडाने अवाक्षर बोलली नाही. दादा आला की जायचं आणि परत यायचं नाही, एवढं मनाशी पक्कं केलं.

गोविंद मुळात तापट, त्यात बहिणीवर त्याचा फार जीव. "ट्रंक भर," तो म्हणाला. "सकाळच्या गाडीने निघू. पुन्हा या घरात पाऊल टाकायचं नाही. घरी आप्पांना काय सांगायचं ते मी बघतो."

हेच ऐकायला तर ती थांबली होती. तिने डोळे पुसले.

तेवढ्यात दार ढकलून मंदाताई आत आल्या. हातात निखाऱ्यांची शेगडी होती. पाहुणा गादी उचलून उभा आहे हे पाहताच त्यांचा चेहरा उतरला.

"पुआल टोचतोय का, गोविंदराव?" सारा जन्म ग्वाल्हेरच्या लष्कर भागात गेल्यामुळे पेंढ्याला त्या इकडच्या लोकांसारखं पुआलच म्हणत. "छतावरच्या उन्हात पसरून चांगली धूप दाखवली हो मी त्याला. एकेक गाठ हातानं काढली. तरी एखादी राहिली असेल."

शेगडी बाजूला ठेवून त्या गुडघ्यांवर बसल्या आणि गादीखाली हात घालून चाचपू लागल्या.

"इकडची सर्दी तुमच्या साताऱ्यासारखी नाही. हड्डीत शिरते. नुसती गादी टाकली ना, तर फरशीची ठंडक रातभर वर येते. सुनेचा भाऊ एवढ्या लांबून आला आणि मंदाने त्याला नुसत्या फरशीवर निजवला, असं म्हणतील मोहल्ल्यात!"

समोरचं माणूस भांडलं असतं तर गोविंदचा राग टिकला असता. इथे बाई त्याच्या अंथरुणातली काडी न् काडी सारखी करत होत्या. "नाही, टोचत नाही," तो पुटपुटला. तरी मंदाताईंची पाठ वळताच त्याने बहिणीला खूण केली. ट्रंक!

शरयूची ट्रंक सासूच्या खोलीत, त्यांच्या अंथरुणाच्या उशाशी होती. ती पेटती चिमणी घेऊन गेली. ट्रंक ओढायला तिने गोधडीवर गुडघा टेकला आणि तो दाणकन फरशीवर आपटला. कालपर्यंत हे अंथरूण तिच्या अंथरुणाइतकंच जाड दिसे; त्याखाली काय आहे हे तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने गोधडी सारली. खाली सतरंजी, आणि सतरंजीखाली दगड; फटीत पेंढ्याच्या दोन-चार काड्या अडकलेल्या. म्हणजे इथेही पेंढाच होता! हात ठेवला तर गारठून गेला.

"आत्याबाई!" सासूला ती असंच हाक मारी. "तुमचा पुआल कुठे गेला?"

मंदाताई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि चोरी पकडल्यासारख्या हसल्या.

"तुझ्या दादाच्या खाली. यंदा धान झालं नाही ना, गाडी आलीच नाही पुआलाची. होता तेवढा तुला नि मला पुरला. आता पाव्हण्याला कुठून आणायचा? माझं काय गं, मला आदत आहे."

"मग माझ्यातला काढायचा."

"तुझ्यातला? वेडी का काय! पहिली थंडी तुझी."

शरयूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. थंडी पडल्यापासून ती त्या उबेत पडून सासूवर धुमसत होती, आणि झोप मात्र रोज कशी गाढ लागत होती! ट्रंक तिथेच ठेवून ती आपल्या खोलीत गेली. गादी उलटवली, पदर खोचला आणि दोन्ही हातांनी पेंढा कवेत भरून घेतला.

बाहेर ओसरीवर गोविंद वाट पाहत उभा होता.

"झाली का ट्रंक भरून?"

पेंढ्याआडून शरयूचं तोंडही धड दिसत नव्हतं. केसांत काड्या अडकल्या होत्या.

"ट्रंक राहू दे, दादा. जरा वाट दे मला. आत्याबाईंनी आपला पेंढा तुझ्याखाली घातला आणि स्वतः नुसत्या दगडावर निजणार आहेत."

ती पुढे गेली. गोविंद क्षणभर तिच्या मागे सांडलेल्या काड्यांकडे बघत राहिला. मग आपल्या खोलीत वळला आणि त्याने पुन्हा गादीचा कोपरा उचलला.