तळ्यात पडलेली मुलगी

भार्गवीअम्मा उठल्या आणि त्यांनी चक्क धाकट्या बहिणीची गोष्ट सांगायला घेतली.

ती धाकटी बहीण, म्हणजे कौमुदीअम्मा, शेजारच्याच खुर्चीवर होत्या. आधी त्यांना वाटलं, चेची, म्हणजे थोरली बहीण, आपल्यासाठी प्रस्तावना करतेय; आता थांबेल आणि म्हणेल, पुढचं ही सांगेल. पण चेची थांबेना. देवळाच्या तळ्यावर अंघोळीला गेले होते, म्हणाली. सहा वर्षांची असेन. शेवाळावरून पाय सटकला. खाली सगळं हिरवं हिरवं, नाकातोंडात पाणी, आणि मग कुणीतरी दंड धरला. अच्छन होते, आमचे वडील. पोहता येत नव्हतं त्यांना, तरी घातली उडी.

"आणि वर आल्यावर एक सणसणीत कानाखाली," भार्गवीअम्मा म्हणाल्या आणि हसल्या.

सगळं वाचनालय हसलं. कौमुदीअम्मांचा हात आपोआप डाव्या गालाकडे गेला. ती थप्पड तर त्यांची होती.

गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींचं पुस्तक ओणमला काढायचं, असं वाचनालयाने ठरवलं होतं. दर रविवारी दुपारी खुर्च्या मांडायच्या, एकेकाने लहानपणीचा एक प्रसंग सांगायचा आणि ग्रंथपाल प्रसन्नाने तो उतरवून घ्यायचा. वर चहा आणि डाळवडा. कौमुदीअम्मा आठवडाभर आरशापुढे उभं राहून बोलून बघत होत्या. एकटीने जायला लाज वाटते म्हणून चेचीला त्यांनीच ओढून आणलं होतं. मला मेलीला काय आठवतंय, म्हणून ती यायलाच तयार नव्हती. आणि आता बघा.

दुसरं काही सांगावं म्हटलं तर दुसरं काही नव्हतंच. बापाला हवा होता मुलगा, झाल्या या दोघी. त्याने कधी मांडीवर घेतलं नाही, कधी कौतुकाचा शब्द काढला नाही. तो गेल्यावरही घरात त्याचा विषय निघाला की दोघी बहिणी पावसापाण्याचं बोलायला लागायच्या. पण कौमुदीअम्मांपाशी हे तळं होतं. पोहता न येणारा माणूस उगाच पाण्यात उडी घेत नाही. त्या एका उडीवर त्यांनी बापाला सगळं माफ करून टाकलं होतं.

"चेची," त्या म्हणाल्या, "ती मी होते."

भार्गवीअम्मा वळल्या. रागावल्या नव्हत्या, नुसत्या बघत राहिल्या. "तू? तू तर पायरीवर भोकाड पसरून उभी होतीस."

"भोकाड तू पसरलं होतंस."

लोकांना काय, आयतीच करमणूक. एक जण म्हणाला, दोनदा उडी मारली असेल. त्यावर त्याची बायको म्हणाली, पोहता न येणारा एकदा वाचला तेच खूप झालं. प्रसन्ना बिचारी पेन हातात धरून कधी हिच्याकडे, कधी तिच्याकडे बघत होती. शेवटी तिला कुंजंबू आठवले. नव्वदीला टेकलेले कुंजंबू कोपऱ्यातल्या टेबलाशी, रोजच्यासारखे, पेपरातलं मेलेल्यांचं पान वाचत बसले होते. त्या दिवशी तळ्यावर ते होते, हे दोघी बहिणींना मान्य होतं. निदान तेवढं तरी.

कुंजंबूंनी चष्मा काढला.

"त्याने पोरीला धरलं होतं आणि मी त्याला," ते म्हणाले. "पोरगी कोणती ते कोण बघत बसतंय? त्याचं नेसलेलं मुंडू तळ्यात राहिलं, ते पक्कं आठवतंय. माझा पंचा गुंडाळून घरी गेला. तो पंचा काही परत आला नाही."

आणि चष्मा लावून ते पुन्हा मेलेल्यांकडे वळले.

कौमुदीअम्मांनी डोळे मिटले. हिरवं पाणी होतं, जागच्या जागी होतं. नाकात झोंबणारं पाणीही होतं. पण त्याच्या शेजारीच आणखी एक काहीतरी होतं, आजवर त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. पाण्यात खाली खाली जाणारी एक वेणी, लाल फीत बांधलेली. स्वतःची वेणी बुडताना स्वतःला कशी दिसेल? त्यांनी घाबरून डोळे उघडले.

प्रसन्नाने हळूच विचारलं, पुस्तकात नाव तर एकीचंच घालता येईल, मग कुणाचं घालू?

चेची कौमुदीअम्मांकडे बराच वेळ बघत होती, ताप आलेल्या पोराकडे बघावं तशी.

"हिचं घाल," भार्गवीअम्मा म्हणाल्या. "माझ्याच डोक्यात घोळ झाला असेल, वय झालं आता. आणि मला काय, मला अच्छन तेय्यमचा नाच बघायला खांद्यावर बसवून न्यायचे. हिला ते नाही मिळालं."

टाळ्या पडल्या. प्रसन्नाने सुटकेचा निःश्वास टाकला आणि कौमुदी असं नाव लिहिलं. आनंद व्हायला हवा होता. पण कौमुदीअम्मा त्या खांद्यावरच अडकल्या. बापाच्या खांद्यावर त्यांनी पंच्याशिवाय कधी काही पाहिलं नव्हतं. तेय्यमला तर दोघी कायम आईबरोबर, गर्दीच्या मागे उभ्या असायच्या. की चेची कधी पुढे जायची? वडा त्यांनी तसाच ठेवला, चहाही.

बाहेर पायरीवर भार्गवीअम्मा वाकून आपली चप्पल शोधत होत्या. कौमुदीअम्मांनी त्यांना धरलं, त्या पडू नयेत म्हणून, आणि विचारलं, "चेची, खरं सांग. खोटं बोललीस ना तू?"

भार्गवीअम्मांनी वर पाहिलं नाही.

"कुठलं?" त्या म्हणाल्या. "तळ्याचं, की खांद्याचं?"