उडण्याआधीचा सत्कार

हार संपत नव्हते. मदनसिंग खुर्चीतून अर्धा उठायचा, माईकवरून आणखी एक नाव पुकारलं जायचं, आणि तो परत बसायचा. मांडवाबाहेर त्याचं विमान उभं होतं, टाकीत कपाशीवरचं औषध काठोकाठ भरलेलं. दुष्काळानंतर पहिल्यांदाच कपाशी बरी आली होती आणि तिला कीड लागली होती.

फवारणी उजाडताच करायची असते, वारा पडलेला असतो तेव्हा. पण फवारणी समितीचे अध्यक्ष पंजाबराव हे उजाडताच उठणारे गृहस्थ नव्हते. ते आले तेव्हा उन्हं चांगली चढली होती. आल्या आल्या विमान उडवायचं तर मग समिती कशाला? प्रत्येक सदस्याच्या हातून पाहुण्याच्या गळ्यात हार पडलाच पाहिजे. एखादं नाव राहिलं तर तो माणूस पुढच्या निवडणुकीपर्यंत तोंड फिरवून बसतो. आभारप्रदर्शनाआधी पाहुण्यानं उठणं म्हणजे तर सरळ अपमान. किडीला हे मानपान ठाऊक नव्हते. ती आपली बोंडं खात होती.

मदनसिंग याच भागातला, जवळच्या रिसोडचा. त्याची मावशी प्रयागबाई नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती. "माह्या मदनले भेव कसं ते ठाऊकच नाही," असं ती शेजारणींना सांगत होती. पायलटबद्दल सांगावी अशी ही गोष्ट नव्हे, पण ते तिला कोण सांगणार?

आभार संपेपर्यंत वारा उठला. धावपट्टी म्हणजे किन्हीराजाच्या शिवारात पडीक जमिनीवर दाबलेला मुरूम. वारा तिच्यावर आडवा येत होता, तोही झटक्याझटक्यानं. मांडवाचं कापड फडफडत होतं. भरलेलं विमान अशा वाऱ्यात जमीन सोडतानाच कलंडतं, आणि पट्टीच्या दोन्ही अंगांना माणसं दाटीनं उभी होती. मदनसिंगला हे सगळं पाठ होतं. तरी तो विमानात चढला. पट्टे आवळताना मनाशी म्हणत होता, एवढा काही जोर नाही, एकच फेरी मारू, याहून वाईट हवेत उडलोय. शिकलेल्या माणसाला स्वतःची समजूत घालायला कितीसा वेळ लागतो!

इंजिन सुरू झालं. टाळ्या पडल्या. तेवढ्यात त्याच्या ध्यानात आलं, की खुर्चीतून उठल्यापासून आपण वाऱ्याकडे एकदाही नीट पाहिलेलं नाही. पाहतोय ते लोकांच्या तोंडाकडे. त्याला स्वतःचीच भीती वाटली.

त्यानं इंजिन बंद केलं आणि खाली उतरला.

पंजाबराव धावत आले. "काहून उतरले? काय झालं?"

"वारा आडवा हाये, भाऊ. आता नाही जमत. उद्या उजाडता उडतो. हार-गिर काही नका आणू."

हे ऐकून गर्दीचा चेहरा असा काही फिरला, की विचारू नका. मघाशी हार घालायला ज्यांची ढकलाढकली चालली होती, तेच आता शिट्ट्या मारू लागले. "विमान बिघडलं का पायलट?" कोणीतरी मागून ओरडलं आणि हशा पिकला. प्रयागबाईनं तोंडावर पदर ओढला. "नाक कापलं रे माहं चारचौघात," ती पुटपुटली. ते मात्र मदनसिंगला लागलं. तरी तो विमानाच्या पंखाला टेकून उभाच राहिला.

पंजाबरावांनी माईक हातात घेतला. रागानं त्यांचा आवाज कापत होता.

"दुष्काळाच्या आधीचे पायलट जमशेद साहेब आठोवा! हेच पट्टी होती. वारं तं याच्याहून मोठं होतं. मी म्हटलं, साहेब, लोकं वाट पाहून राह्यले. एका शब्दानं नाही म्हटलं नाही त्या मानसानं. सीधा जाऊन बसला विमानात. त्याले म्हंतात मर्द!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. तो थांबेपर्यंत पंजाबराव थांबले. मग मदनसिंगकडे बोट दाखवून म्हणाले,

"अन् आमीबी त्याचं चीज केलं. तशी शोकसभा या तालुक्यात आजवर कोनाची झाली नाही!"