बिनडहाळ्याची दारं

गोवर आलेल्या घराच्या दारावर कडुलिंबाचा डहाळा टांगायचा, ही पाड्याची रीत. साथ आली तेव्हा मदतसंस्थेच्या डॉक्टरांना ती खूण दामिनीनंच सांगितली. ती त्यांची आरोग्यसेविका आणि पाड्याचीच सून. डहाळे हेरून त्यांनी तापलेली पोरं गाडीतून शहापूरला नेली. सगळी बरी होऊन परतली, हिराबाईचा नातू तेवढा परतला नाही. आज दामिनी औषधं घेऊन निघाली, तर एकाही दारावर डहाळा नव्हता. आत मात्र पोरं कण्हत होती. “हिराआत्या, आत कोन आजारी हाय?” “कोन नाय. तुमच्या गाडीत आता आमचं पोर बसायचं नाय.” भरलेली पिशवी तशीच घेऊन ती घरी आली. उंबऱ्यात सासू आडवी आली. “माझा कान्हा कुठाय?” “निजलाय. तू जा गो, तुझ्या डाक्तरांकडं.” “आये!” आतून कण्हत हाक आली. सासूनं मागं सरून कडी लावली.